सालेहाच्या पायाला लावलेला ब्रेक

“पाय कुणाचा हाय ते आधी सांगा, मग ब्रेकचं बघू,” असं जिलानी मिस्त्री एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाले होते. गिऱ्हाईक गोंधळून आपल्या वहाणांकडे बघत राहिलं. मिस्त्री मात्र गंमत करत नव्हते.

तेलाच्या ब्रेकला पाय कुणाचा याच्याशी देणंघेणं नसतं. तेल दाब चारही चाकांना सारखा वाटून देतं, मग दाबणारा मालक असो की ड्रायव्हर. पण लातुरात गंजगोलाईच्या मागं, जिलानी मिस्त्रींच्या अंगणात लिंबाखाली जी मिटत्या कापडी टपाची काळी ऑस्टिन उभी होती, तिचा जमाना तेलाच्या आधीचा. तिच्या पायडलापासून चार चाकांपर्यंत चार लोखंडी दांड्या गेलेल्या. पाय दाबला की दांड्या ओढल्या जातात आणि चाकांच्या आत ब्रेक पसरून धरतात. इथं वाटपाचं काम मिस्त्रीचं. गाडी दगडांवर उचलायची, एकानं आत बसून पायडल हळूहळू दाबत न्यायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून एकेक चाक हातानं फिरवून बघायचं. जे चाक आधी अडतं त्याचा चौकोनी नट थोडा सोडायचा, जे फिरतच राहतं त्याचा थोडा आवळायचा. शेवटी चारही चाकं एकाच दाबाला एकदम जड झाली पाहिजेत, जशी घरातली माणसं एकाच बातमीनं गप्प होतात.

हे काम एकट्याचं नाही. आत एक पाय लागतो. जिलानी मिस्त्रींना तो पाय लग्नात मिळाला होता.

सालेहा ही नांदेडच्या त्यांच्या उस्तादांची मुलगी. वर्कशॉपमध्येच लहानाची मोठी झालेली. पायडलापर्यंत पाय पोचू लागला तेव्हापासून ती बापाच्या गिऱ्हाइकांच्या मोटारींत बसून ब्रेक दाबत आलेली. जिलानी तेव्हा उस्तादांचे शागीर्द. बाहेर चाकाशी उकिडवे बसून त्यांनी तिला आधी पाहिलंच नाही. तिचा पाय तेवढा ओळखीचा झाला. चाक हातात धरलं की दाब येताना कळायचा, पाण्यात कुणी उतरावं तसा. घाई नाही, धक्का नाही. आणि सगळं जमलं की आतून एकच शब्द यायचा, “बराबर.” त्या शब्दाशी आपलं लग्न झालं असं जिलानींना पुढं आयुष्यभर वाटत राहिलं.

लातुरात स्वतःचं दुकान टाकल्यावर जीपा, ट्रॅक्टर, मेटाडोर असं सगळंच त्यांच्याकडे येई. पण दांडीचा ब्रेक असलेली एखादी जुनी गाडी आली की ते हातातलं काम बाजूला ठेवून घरात हाक मारत, “अजी, पाय लाओ.” सालेहा पदराला हात पुसत येई आणि बसे. मात्र त्यांचा एक दस्तूर होता. तिच्या पायावर चारही चाकं जमवली तरी गाडी तशीच द्यायची नाही. शेवटची फेरी मालकाच्या पायानं व्हायची. मालकानं स्वतः बसून दाबायचं आणि त्याच्या दाबाला चाकं पुन्हा जुळवायची. उस्तादांनी घालून दिलेलं होतं ते. ब्रेक उधारीच्या पायावर चालत नाही, असं ते म्हणत.

ऑस्टिनचे मालक श्रीमंतअप्पा, तेरणेकाठच्या एका गावचे मोठे शेतकरी. नांदेडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी ती हौसेनं घेतलेली. धोतर, डोक्याला रुमाल, कपाळाला भस्म आणि हातात स्टिअरिंगचं ते बारीक काळं चाक. गावातून निघाले की गुरं वळवावी तसे हॉर्न वाजवत लातूरला येत. अनंत चतुर्दशीला त्यांची गाडी मिस्त्रींकडे होती. संध्याकाळपर्यंत सालेहाच्या पायावर चाकं जमली. अप्पा घाईनं आत बसले, एकदा पाय दिला आणि हसले.

“मिस्त्री, हे काय हो? जरा टेकवला की धरून राहिलाय!”

“तुमच्या भाभीच्या पायाला लावलाय अप्पा. आता तुमची फेरी करतो. पंधरा-वीस मिनटं बसा.”

“न्हाई जमत. गणपती बुडवायचाय गावात. मी न्हाई गेलो तर पोरं पाटाला हात लावायची न्हाईत. तशीच द्या की.”

“तशी न्हाई देणार. भाभीचा पाय चिमणीचा, तुमचा ढेकळं तुडवायचा. एक दाब दिला तर नाकावर पडाल.”

अप्पा पुन्हा हसले. “राहू द्या मग. येष्टीनं जातो. येतो एक-दोन रोजात, माझा पाय घेऊन.” आणि ते रुमाल सारखा करत स्टँडकडे गेले.

त्या पहाटे जमीन हलली.

लातूर शहर उभं राहिलं, पण तेरणेकाठची गावं दगडमातीच्या धाब्यांखाली झोपेतच गेली. अप्पांचं गाव त्यांतलंच. अप्पा गेले, घरातले सगळे गेले. एक मुलगा वाचला, रामलिंग. तो दहावीला होता आणि शिकायला म्हणून लातुरात बोर्डिंगात राहत होता. तेवढ्यानंच वाचला.

जिलानींच्या अंगणात त्या पहाटे भलतंच घडलं. भांडी पडली, भिंत तडकली, सालेहा लेकीचा, बुशराचा, हात धरून बाहेर धावली. लिंब वाऱ्याशिवाय हलत होता. गाडीखालचे दगड निसटले आणि ऑस्टिन आपल्या चार चाकांवर उतरली. उतरून ती हळूहळू भिंतीकडे सरकू लागली, जनावर अंधारात उठून चालू लागावं तशी. सालेहानं दार उघडलं, आत चढली आणि दोन्ही हातांनी चाक धरून पायडल दाबलं. गाडी थांबली. त्याच घटकेला जमीनही थांबली.

पुढचं सगळं एवढ्यावरून झालं. सालेहा अडाणी नव्हती. पायाखाली काय असतं आणि दांडी कुठंवर जाते हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण अंगाला एक गोष्ट एकदा कळली की डोक्याचं काही चालत नाही. सारं लातूर रस्त्यावर, शेतात, शाळेच्या मैदानात झोपत होतं. हळूहळू लोक घरांत परतले. सालेहा परतली नाही. छताखाली तिला श्वास घेववेना. ती ऑस्टिनमध्ये राहू लागली. मागच्या सीटवर निजायची, पुढच्या सीटवर बसून तांदूळ निवडायची. जमीन अधूनमधून कुरकुरत होतीच. तसं काही जाणवलं की हातातलं ताट बाजूला ठेवून ती पायडल दाबून धरायची, तोंडानं काहीतरी पुटपुटत, आणि जमीन शांत होईपर्यंत सोडायची नाही.

गल्लीतल्या बाया चेष्टा करत. “काय सालेहाभाभी, आज लातूर किती पळालं?”

“तुमच्या घरापर्यंत आलतं,” सालेहा म्हणायची. “मी थांबवलं. चहा तरी पाजा.”

हसायची तीही. पण हसताना पाय काढायची नाही.

एकदा संध्याकाळी तिनं जिलानींना हाक मारली. चेहरा पांढरा पडलेला. “अजी, पाय खाली जातोय. दाबते तर खालीच जातोय. जमीनच खाली जातेय असं वाटतं.”

दांड्यांचा ब्रेक वापरानं सैल होतोच. आणि उभ्या गाडीला ब्रेक लावून घेणं म्हणजे विहिरीला कुलूप लावणं. कुठल्याही मिस्त्रीनं हे केलं नसतं. जिलानी मात्र पाना घेऊन खाली शिरले आणि चारही चाकांचे नट आवळले. जरा आवळले, म्हणाले, “दाब.” आणखी आवळले. “दाब.” चाकं घट्ट झाली, गाडी जागची हलेना, पण पायडल वर आलं आणि वरच राहिलं, खडकासारखं. सालेहानं पाय ठेवला, पूर्ण भार दिला. ते तसूभर हललं नाही. तिनं डोळे मिटले.

“बराबर,” ती म्हणाली.

त्या रात्री ती पहिल्यांदा सलग झोपली. मग हे कामच होऊन बसलं. पावसाळ्यानंतर एकदा, थंडीनंतर एकदा, मिस्त्री खाली शिरत आणि न चालणाऱ्या गाडीचा ब्रेक एका पायासाठी जुळवत. मध्ये कधीतरी ती घरात झोपू लागली. कधी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दिवेलागणीला तेवढी येऊन बसायची, एकदा दाबायची आणि आत स्वयंपाकाला जायची, एखादी बाई तुळशीला दिवा लावते तशी.

रामलिंग कॉलेजात असताना एकदा गाडी बघायला आला होता. उंच, सडपातळ, बापाचं कपाळ. सालेहा तेव्हा गाडीत बसली होती. तिला त्यानं बघितलं, पायडलावरचा पाय बघितला. जिलानी घाबरले, गाडी त्याची होती, बापाची तेवढीच एक वस्तू उरलेली.

“घेऊन जायची का, बेटा?” त्यांनी विचारलं.

रामलिंगनं वर लिंबाकडे बघितलं. मग म्हणाला, “राहू द्या चाचा. चाचीला बसू द्या.” आणि पाणीही न पिता गेला.

सालेहा एका हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. जिलानींनी त्यानंतर गाडीला पाना लावला नाही. इंजिन अधूनमधून पुढून हँडल मारून घरघरवत, काच पुसत, पण पायडलाला पाय लागू देत नसत. त्यांचा एक हिशेब होता, जो ते कुणाला सांगत नव्हते. माणूस गेलं की कपडे देऊन टाकतात, आवाज विसरतो, चेहरा फोटोतल्यासारखा होतो. पण तिचा भार किती होता, तो कुठं सुरू व्हायचा आणि कुठं थांबायचा, हे त्या चार नटांत अजून तसंच होतं. कबरीवर फक्त नाव असतं. वजन इथं होतं.

दरम्यान लातूर बदललं. गावोगावची पोरं दप्तरं घेऊन उतरू लागली. चाकूर, भोकर, कुठून कुठून. ज्या गल्ल्यांत डाळीची पोती लागायची तिथं शिकवण्यांच्या पाट्या लागल्या. पाट्यांवर पोरांचे फोटो आणि फोटोंखाली टक्के. ज्याच्या अंगणात चार खाटांची जागा तो खोल्या बांधू लागला. बुशरा लग्नानंतर शेजारीच राहत होती, शिकवणीच्या मुलींना डबे करायची. तिची नजर अंगणावर होती.

“अब्बा, गाडी हटी तो दो कमरे निकलते,” ती म्हणायची.

“नक्को.”

“अम्मी असती तर तिनंच दिली असती.”

“अम्मी असती तर प्रश्नच नव्हता,” जिलानी म्हणायचे, आणि ते खरं होतं.

रामलिंग आता रामलिंग सर झाला होता. फिजिक्सच्या त्याच्या वर्गाला दूरदूरची मुलं येत. वर्ग तळमजल्यावरच. वरचे मजले भाड्यानं देऊन टाकलेले. का ते कुणी विचारत नसे. बारावीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मिस्त्रींच्या अंगणात आला. पायरीवर बसला. चहा झाला. रिकामा कप हातात फिरवत राहिला.

“बोला, सर,” जिलानी म्हणाले.

“चाचा, तुम्ही तरी सर नका म्हणू.”

“सगळं लातूर म्हणतं.”

“लातूरला मी नापास केलेलं न्हाई अजून, म्हणून म्हणतं.” तो हसला आणि हसू तिथंच राहिलं. “उद्या माझ्या पोरांची मिरवणूक काढायची. पहिल्या आलेल्या चार पोरांची. सगळे क्लासवाले जीपमधनं काढतात. मला… चाचा, अप्पा म्हणायचे, दहावीला पहिला आलास तर गावातनं मोटारीत मिरवीन. मी आलो पहिला. गावच न्हाई राह्यलं.” त्यानं गाडीकडे बघितलं नाही. “माझं न्हाई झालं. त्यांचं होऊ दे म्हणतो.”

नाही म्हणायला जिलानींजवळ काही नव्हतं. ज्या पोरानं एकदा काही न मागता पाठ फिरवली होती, तो आता मागत होता. बुशरा दाराआडून ऐकत होती. तिनंही या वेळी खोल्यांचं नाव काढलं नाही.

“ब्रेक जाम हायेत,” शेवटी मिस्त्री म्हणाले. “सोडावे लागतील.”

“सोडा की.”

“हं.”

रामलिंग नव्या ट्यूबा आणायला गेला, तेव्हा जिलानी गाडीत जाऊन बसले. इतक्या वर्षांत या बाजूला ते कधी बसले नव्हते. मिस्त्रीची जागा बाहेर, चाकाशी. त्यांनी चप्पल काढली आणि पाय पायडलावर ठेवला. दाबला. हललं नाही. सगळं अंग टाकून दाबला. बाहेर लिंबाची सावली बॉनेटवर हलत होती, पण पायाखाली जे होतं ते स्थिर होतं, जमिनीपेक्षा स्थिर, आणि क्षणभर त्यांना वाटलं की या टोकाला आपण दाबतोय आणि त्या टोकाला कुणीतरी उलट दाबून धरलंय. तिला हे रोज जाणवत होतं तर. त्यांना कधी कळलंच नव्हतं, ते नेहमी बाहेर होते.

दुपारी चारही चाकं दगडांवर आली. रामलिंग आत बसला, बूट काढून, मिस्त्रींनी सांगितलं म्हणून. जिलानी पाना घेऊन पुढच्या उजव्या चाकाशी बसले. नट गंजून धरलेला. तेल सोडलं, वाट पाहिली, मग कट् करून सुटला. चाक फिरलं. त्यांनी ते हातानं उगीच दोन-तीनदा फिरवलं. मग पुढचं डावं. मग मागचं उजवं.

“हळूहळू दाबा. धक्का नको.”

“असं?”

“आणखी हळू. पाण्यात उतरतोय असं समजा.”

रामलिंगचा पाय बापाचाच होता. जड, प्रामाणिक, एकदम तळ गाठणारा. जिलानी चाकावरचे हात न हलवता तो भार ओळखत होते. राहिलेली फेरी होती ही. येष्टीनं गेलेला पाय इतक्या वर्षांनी परत आला होता. तीन चाकं त्या पायाला जुळली.

मागच्या डाव्या चाकाशी ते आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. या एका नटात अजून सालेहा होती. त्यांनी पाना लावला, चाक फिरेल एवढाच सोडला आणि थांबले. एवढं पुरे, त्यांनी स्वतःला सांगितलं. मिरवणूक काय, माणसाच्या चालीनं जाते. एक चाक जरा आधी धरेल, एवढंच.

“झालं, चाचा?”

“झालं,” मिस्त्री म्हणाले. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा त्यांना चव खारट लागली.

लातुराबाहेर प्लॉट पाडलेल्या मोकळ्या रानावर ताजा मुरूम पसरलेला होता. दांडीच्या ब्रेकची परीक्षा मुरमावरच होते. गाडी जरा वेगात आणून एकदम दाबायची आणि खाली उतरून मागं बघायचं. चार चाकांच्या चार घसटी सारख्या उमटल्या तर काम जमलं. तिथवर मिस्त्रींनी गाडी रांगत रांगत आणली आणि मग सीट सोडली. रामलिंग स्टिअरिंगवर, ते शेजारी.

“दाबा,” ते म्हणाले.

गाडी कंबरेतून मोडल्यासारखी डावीकडे ओढली गेली. रामलिंगनं कसंबसं चाक सावरलं. धूळ पुढं निघून गेली. दोघं उतरून मागं चालत गेले. मुरमावर तीन फिकट रेघा होत्या, आणि चौथी खोल, काळपट, नांगर धरल्यासारखी.

“ही का अशी?” रामलिंगनं विचारलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो खरंच विचारत होता, वर्गात मुलं त्याला विचारतात तसं.

जिलानी त्या खोल रेघेशी बसले. बोटानं तिची कड चाचपली. सालेहानं इतक्या वर्षांत एकदाही कुणाला पाडलं नव्हतं, ती थांबवत होती. आणि उद्या या गाडीत कुणाची तरी चार पोरं, गळ्यात हार घालून, पुढच्या सीटमागं उभी राहणार होती. रामलिंगच्या वयाची, तेव्हाच्या. शिकायला म्हणून लातुरात आलेली. त्यांचे आईबाप गावाकडं निर्धास्त झोपत होते, कारण पोरं लातुरात होती.

“भाभीच्या पायाला लावलाय तो,” ते म्हणाले.

रामलिंगला हे वाक्य ओळखीचं असण्याचं कारण नव्हतं, पण त्याला समजलं. पिशवीतून पाना काढून त्यानं मिस्त्रींच्या हातात दिला आणि जाऊन जॅक लावला.

जिलानी मुरमावर पाठ टेकून खाली शिरले. इथून आकाशाची एक पट्टी दिसत होती, चाक आणि जमीन यांच्यामध्ये. त्यांनी नट धरला. हात थांबला, जसा कुणाला जागं करायच्या आधी थांबतो. मग त्यांनी वळवला. कट्. आणखी एक. कट्. चाक सैल झालं आणि हातात अगदी हलकं फिरू लागलं. चाकाला काहीच आठवत नव्हतं.

“पाय ठेवा,” ते खालून म्हणाले. “हळू.”

दाब आला. जड, प्रामाणिक. चाक त्याला जुळलं.

दुसऱ्यांदा गाडी सरळ आली आणि सरळ थांबली, बसल्या जागी मान खाली घातल्यासारखी. रामलिंग उतरून मागं धावला, पोरासारखा. मुरमावर चार रेघा होत्या, चारही सारख्या, संध्याकाळच्या उजेडात चार ओल्या धाग्यांसारख्या.

“चाचा, बघा की!” तो ओरडला. “आता बराबर?”

जिलानी गाडीच्या दाराशी उभे होते. त्यांनी रेघा बघितल्या. ओठ हलले, पण तो शब्द कधीच त्यांचा नव्हता. त्यांनी पाना पायडलाजवळ खाली ठेवला, दार हलकेच लोटलं, आणि मुरमावरून, रेघांना पाय न लागू देता, लातूरकडे चालू लागले.